खरा फुटबॉल की धमाल फुटबॉल? माझं मत मी बदललं, कारण ऐका



व्हिडिओत हा मुद्दा घाईत आटपला, म्हणून इथे नीट लिहितोय. कोल्हापुरात माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन कन्सोल आहेत. तासाच्या हिशोबाने खेळायला देतो. मी स्वतः 'रिअल' फुटबॉल गेमवाला. 'रॉकेट लीग' म्हणजे पोरखेळ, असं मी कित्येकदा बोललोय.

एकदा एक नवीन मुलगा आला. शाहू स्टेडियमवरची एक मॅच न चुकवणारा. त्याने गाड्यांचा गेम मागितला. मी म्हटलं, "अरे, खरा फुटबॉल खेळ की!" आणि रोजच्या एका पोरासमोर बसवलं. सात गोल खाल्ले बिचाऱ्याने. अर्धा तास शिल्लक असताना पूर्ण पैसे ठेवून गेला. परत आला नाही.

आता विचार करा. फुटबॉल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मग 'खऱ्या' गेममध्ये साधा पास का जमला नाही? कारण तिथे आधी बटणं पाठ लागतात, फुटबॉल नंतर.

आणि खरं म्हणजे तरी किती खरं? 'फिफा 22' साठी कंपनीने 22 खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून मॅच खेळवली, हालचाली टिपल्या. कौतुकच आहे. पण त्याच गेममध्ये ऑनलाइन हाफ 45 नाही, साधारण 6 मिनिटांचा असायचा. का? कारण दीड तास कोण बसणार! म्हणजे 'रिअल' गेमसुद्धा मजेसाठी तडजोड करतोच.

उलट बाजू बघा. 2015 चा 'रॉकेट लीग'. गाडीने बॉल गोलमध्ये ढकलायचा, मॅच 5 मिनिटांची. नियम एका मिनिटात कळतात. पण गाडी हवेत उडवून बॉल नेमका मारायला महिनोन्‌महिने घासावं लागतं. याला पोरखेळ म्हणायचं?

2021 मध्ये 'ई-फुटबॉल' आला तेव्हा खेळाडूंचे विचित्र चेहरे बघून जग हसलं, कोनामीला माफी मागावी लागली. माझ्या मते चेहरा हा छोटा मुद्दा. मोठा मुद्दा हा की, गेमने जे कबूल केलं ते दिलं का? 2025 च्या 'एफसी 26' मध्ये तर कंपनीनेच दोन वाटा केल्या: ऑनलाइन चुरशीसाठी वेगवान 'कॉम्पिटिटिव्ह', आणि करिअर मोडसाठी संथ, खऱ्याच्या जवळचा 'ऑथेंटिक'. एकच चव सगळ्यांना चालत नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

मला अजूनही संथ, डाव रचून खेळलेली मॅचच आवडते. पण माझी आवड म्हणजे दर्जा नव्हे. नवख्याला पहिल्या दहा मिनिटांत एक तरी गोल मारता आला पाहिजे. तो मारला, की तो स्वतःहून अवघड गेमकडे येतो. नाही मारला, तर दाराबाहेर.

म्हणून आता मी आधी विचारतो, "काय खेळायचंय?" आणि गप्प बसून ऐकतो. तुमचा धंदा कुठलाही असो, गिऱ्हाईकाने गाड्यांचा गेम मागितला तर आधी तोच लावा. ज्ञान नंतर द्या.

तो मुलगा पुन्हा आला, तर पहिला तास माझ्याकडून.

भेटू पुढच्या व्हिडिओत!