वारसा फक्त दरवाज्यांचा?

छत्रपती संभाजीनगरचा वारसा म्हटला की दरवाजे, लेणी आणि मकबरा. हे कारागिरांचेही शहर होते, याचा उल्लेख क्वचितच होतो.

मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि भूमिगत नहरींनी तिला पाणी पुरवले. पाणचक्की त्याच परंपरेतली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येई आणि त्याच्या जोरावर जाते फिरे. आज पर्यटक हौदापुढे छायाचित्र काढून परततो. आपण एक यंत्र पाहिले, हे त्याच्या गावीही नसते.

हिमरूची गत याहून वाईट. उभा ताणा सुती, आडवा बाणा रेशमी. पारंपरिक मागावर विणकर खाली आणि नक्षीचे दोरे ओढणारा वर, अशी जोडी लागे. यंत्रमागावरची शाल त्याच नावाने स्वस्तात खपते, तेव्हा ही जोडी मोडते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला हातकागदही उपेक्षितच.

दगडांची डागडुजी अवश्य व्हावी. पण दरवाज्यांवर रोषणाई करणाऱ्यांनी माग शिकणाऱ्या पोराला विद्यावेतन देताना हात का आखडावा? आणि हातमागाची शाल कोणती, यंत्रमागाची कोणती, हे दुकानात स्पष्ट लिहिणे सक्तीचे करायला तर निधीही लागत नाही.