मताधिकाराचा इतिहास बार्शीशी थांबत नाही

१/ ‘महाराष्ट्रातील स्त्रियांना १९२१ मध्ये मताधिकार मिळाला’ हे विधान अर्धसत्य आहे. तो ठराव मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचा. लाभही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या मोजक्याच स्त्रियांना.

२/ बार्शी त्या इलाख्यात होती. शेजारचे धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तेथे तो ठराव लागूच नव्हता.

३/ धाराशिवात प्रौढ मताधिकार बजावला गेला तो १९४८ च्या मुक्तीनंतर, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तोही मालमत्तेच्या अटीविना, मजूर स्त्रीपासून जमीनदारणीपर्यंत सर्वांना एकदमच.

४/ डेन्मार्कच्या स्त्रियांचे १९१५ साल अभ्यासकांना ठाऊक असते, धाराशिवचे नसते. पुण्या-मुंबईच्या सनावळीलाच महाराष्ट्राचा इतिहास म्हणणे म्हणजे मराठवाड्यातील स्त्रीला पुन्हा यादीबाहेर ठेवणे होय.