रडला, पण पळाला नाही!

आंद्रेआस ब्रेमे हा पश्चिम जर्मनीचा बचावपटू. १९९० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, रोम शहर, ८५ वे मिनिट. पेनल्टीवर याने गोल केला आणि अर्जेंटिना १-० ने हरली!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९९६ साली त्याचा कैसरस्लाउटर्न संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. हा विश्वविजेता समोरच्या संघातल्या जुन्या मित्राच्या, रुडी फ्योलरच्या गळ्यात पडून रडला. तरी संघ सोडला नाही. दुसऱ्या श्रेणीत खेळला, संघ वर आला आणि १९९८ साली थेट जर्मनीचा विजेता ठरला! २०२४ साली ब्रेमे गेला.

चाचणीत गुण कमी पडले तर खुशाल रडा. पण दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन वर्गात या बरं का! आणि पालकहो, त्या दिवशी तुम्ही फ्योलर व्हा.