फायटरचे शेजारी

गेल्या रमजान ईदला आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाने सगळी ईदी जपून ठेवली होती. चौथीतला मुलगा. ईदच्या तिसऱ्या दिवशी पैसे मोजून आमच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "मामू, मला फिशटँक पाहिजे." पैसे कमी होते, उरलेले आम्ही घातले. सवहून महाडला गेलो आणि दोन फुटांची काचपेटी, एक निळा फायटर, चार गप्पी, चार टायगर बार्ब आणि काच साफ करायला म्हणून एक 'सकर' घेऊन आलो. "सगळे एकत्र राहतात का?" असे आम्ही विचारले होते. "राहतात की," असे उत्तर मिळाले आणि आमचे समाधान झाले.

त्याच संध्याकाळी ताजे पाणी भरून सगळे मासे सोडले. तिसऱ्या दिवशी दोन गप्पी मेले. फायटरचे झुलणारे पर कातरल्यासारखे दिसू लागले. पाणी गढूळ झाले. नवव्या दिवशी सकाळी फायटर तळाशी आडवा पडला होता. मुलाने त्याला अंगणात पुरले आणि आम्हाला विचारले, "मामू, हा मला गुनाह लागेल का?"

या प्रश्नाने आम्हाला गप्प केले. दुकानात त्याच्या शेजारी उभे राहून पैसे देणारे आम्हीच होतो.

मग चूक कुठे झाली ते शोधले. आमच्यासारखी घाई इतर घरांतही होते, म्हणून ते इथे सांगतो.

पहिली चूक पाण्याची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. टाकीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही चार ते सहा तासही थांबलो नव्हतो.

दुसरी चूक शेजाऱ्यांची. फायटर हा मूळचा थायलंड आणि आसपासचा मासा. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरे आणि उथळ दलदल हे त्याचे घर. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे खाचरात चढतात, तसल्याच पाण्यातला तो. अशा कोमट, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून अल्लाहने त्याला कल्ल्यांखेरीज डोक्यात आणखी एक श्वसनेंद्रिय दिले आहे. तो वर येऊन हवा घेतो. यावरून लोक समजतात की त्याला लोणच्याची बरणीही पुरते. त्यात तो जिवंत राहतो, पण सुखाने राहत नाही.

त्याचे नर एकमेकांना सहन करत नाहीत. गप्पीची रंगीत शेपटीही त्याला दुसऱ्या नरासारखी वाटू शकते आणि तो हल्ला करतो. उलट टायगर बार्ब लांब परांचे लचके तोडतात. म्हणजे आमच्या टाकीत भांडखोर म्हणून नाव फायटरचे होते आणि मार खाणाराही तोच होता. राहिला सकर. तो फूटभर, कधी त्याहून मोठा होतो आणि जितकी काच साफ करतो त्याहून जास्त घाण करतो.

मग फायटरने एकटेच राहावे का? तसे नाही. तळाशी राहणारे, शांत आणि आखूड परांचे मासे त्याला बहुधा चालतात. कोरीडोरास हा त्यातला चांगला शेजारी, पण तो कळपातला मासा असल्यामुळे सहा तरी हवेत. कुली लोच चालतो. गोगलगायीही चालतात. नर मात्र एकच ठेवावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावते, तेवढे यांना पुरे. लपायला दाट वनस्पती हव्यात. प्रवाह मंद हवा, म्हणून स्पंज फिल्टर बरा. पाणी 24 ते 28 अंशांत राहावे. थंडीत रात्री हीटर लागतो. गावच्या गरम कुंडाचे पाणी आणून ओतू नये, झऱ्याच्या पाण्यातले क्षार वेगळे असतात. क्लोरीन घातलेले नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. फायटर उडी मारतो, म्हणून झाकण हवे, पण झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेला जागा ठेवावी. शेजारी आधी सोडावेत आणि फायटर शेवटी. एक रिकामी छोटी टाकी तयार ठेवावी, कारण काही फायटर कुणालाच जवळ करत नाहीत. अशाला वेगळे ठेवणे हीच त्याच्यावर मेहेरबानी.

नको झालेला मासा सावित्रीत किंवा विहिरीत सोडू नका. उजनी जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात सापडणारे सकर असेच कुणाच्या तरी टाकीतले पूर्वज घेऊन आलेले आहेत. आमचे बार्ब आणि सकर दुकानदाराने परत घेतले. आणि मुलांनो, दोन फायटर समोरासमोर ठेवून गंमत पाहू नका. जनावरांना एकमेकांवर सोडून झुंजवण्याची मनाई अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आली आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही करमणुकीसाठी झुंज लावणे गुन्हा आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक छोटा पक्षी पाळला होता. पक्षी मेला तेव्हा प्यारे नबी (सल्ल.) यांनी त्या लहानग्याची मायेने विचारपूस केली. म्हणजे जीव पाळायला हरकत नाही आणि तो गेला म्हणून रडणाऱ्या मुलाला रागवायचे नसते. दुसरी गोष्ट त्या बाईची, जिने मांजर कोंडून ठेवली, खायला दिले नाही आणि मोकळीही सोडली नाही. तिला त्यासाठी अजाब झाला. काचेतला मासा स्वतःचे अन्न शोधू शकत नाही की पाणी बदलू शकत नाही. तो आपल्याकडे अमानत आहे. न कळत झालेली चूक अल्लाह माफ करणारा आहे. कळल्यावर तीच चूक पुन्हा केली तर मात्र जबाब द्यावा लागेल. आणि या खेपेला न विचारता, न वाचता घाई करणारे मोठे लोक होते, हेही आम्ही त्याला सांगितले.

त्याने थोडा विचार करून विचारले, "मग आता सहा आठवडे थांबायचं?"

थांबलो. रिकाम्या टाकीतल्या वनस्पतींकडे तो रोज पाहायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचा. मग सहा कोरीडोरास आले, त्यानंतर पंधरा दिवसांनी एक लाल फायटर. पहिल्या दिवशी त्याने दोनदा पर फुलवले, एकाचा पाठलाग केला आणि मग वनस्पतीखाली जाऊन बसला. आम्ही दोघे रात्री अकरापर्यंत टाकीसमोर होतो.

आता फज्रनंतर मदरशात जाण्याआधी मुलगा आधी टाकीतली डोकी मोजतो. एक आणि सहा. हिशेब जुळला की टोपी घालून निघतो.