संकेतस्थळाचा पाया निवडताना

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका कार्यालयात असताना संकेतस्थळाच्या नव्या कंत्राटासाठी नेमलेल्या समितीत मी होतो. बैठकीचा बहुतेक वेळ मुखपृष्ठावरील छायाचित्रे आणि रंग यांच्या चर्चेत गेला. मजकूर कोणत्या प्रणालीत साठवला जाणार, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली आणि कंत्राटदाराने स्वतःची खासगी प्रणाली बसवली. करार संपल्यावर कळले की, आमचीच परिपत्रके तिच्यातून बाहेर काढण्याचा मार्ग त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. त्या काळात एका निवृत्त कर्मचाऱ्याचे पत्र आले. निवृत्तिवेतनाच्या तक्रारीसाठी त्याला एक जुना आदेश हवा होता. आदेश होता, पण सापडत नव्हता.

अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. तो निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात दिसत नाही, पण भरावा लागतोच. म्हणून माझे मत असे की, प्रणाली निवडताना पहिला प्रश्न 'आत कसे जायचे' हा नसून 'बाहेर कसे पडायचे' हा असावा.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते या दृष्टीने योग्यच आहे. वर्डप्रेस किंवा ड्रुपल या प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेल्या आहेत. त्यांचा मजकूर सामान्यतः मायएसक्यूएलसारख्या परिचित माहितीसंचात राहतो. एक कंत्राटदार गेला तरी ते काम जाणणारा दुसरा मिळतो. अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे संकेतस्थळ २००९ मध्ये ड्रुपलवर गेले आणि २०१७ मध्ये वर्डप्रेसवर. यातून कोणती प्रणाली श्रेष्ठ हे ठरत नाही; प्रणाली बदलण्याची वेळ येतेच, एवढे मात्र ठरते.

तथापि, मुक्त म्हणजे फुकट नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी उघड झाली. सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेली स्थळे घुसखोरांच्या हाती गेली असेच समजावे, असा इशारा ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने पुढे दिला. आपल्याकडे सात तासांत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तरी जाते का? २०११ साली आलेल्या त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. पुढच्या आवृत्तीची अंतर्गत रचनाच निराळी असल्याने तेथे जाणे हे जवळजवळ नवे घर बांधण्यासारखे होते. संकेतस्थळ उभारण्यासाठी एकरकमी निधी मिळतो. देखभालीसाठी दरवर्षी मागावा लागतो आणि कपातीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते.

यासाठी निविदेत तीन अटी असाव्यात. अंतिम देयकापूर्वी सर्व मजकूर बाहेर काढून दुसऱ्या सर्व्हरवर उभा करून दाखवावा. आज्ञावली आणि माहितीसंच यांची मालकी कार्यालयाची असावी. सुरक्षा दुरुस्तीसाठी एका अधिकाऱ्याला नावानिशी जबाबदार धरून, विनाविलंब निर्णय घेण्याचा अधिकार द्यावा.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार आपण होऊन माहिती प्रसिद्ध करणे हे आपले कर्तव्य आहे. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला कार्यालयात हेलपाटे घालणे शक्य नसते. त्याचे सरकार बहुधा पडद्यावरच असते. त्या निवृत्त गृहस्थांना आदेशाची प्रत अखेर टपालाने पाठवली, पण त्यासाठी आम्हाला जुनी कपाटे उघडावी लागली.