फुलपाखरांचे चित्रपट व सत्यनिष्ठा

हल्ली आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी उत्तम चित्रे घेणारा मोबाईल असतो. आणि पावसाळा लागला म्हणजे ठाण्यास येऊरच्या वाटेवर व कल्याण-डोंबिवलीकडे मलंगगडाच्या पायथ्याशी मुले फुलपाखरांचा पिच्छा पुरविताना दिसतात. ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. ज्या वयात आम्ही चतुराच्या शेपटीस दोरा बांधीत असू, त्या वयात ही मुले अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा जीवनक्रम त्याच्या मूळ जागी टिपू पाहतात. परंतु या स्तुत्य उद्योगात एक मोह दडलेला आहे. त्यास आम्ही स्वतःही बळी पडलो, म्हणूनच त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते.

गेल्या वर्षीच्या विज्ञान-प्रदर्शनात नववीतील दोन मुलांनी एक छोटा चित्रपट दाखविला. डोंबिवलीत लोहमार्गालगतच्या मोकळ्या जागेत रुईचे एक झुडूप आहे. त्यावर प्लेन टायगर नावाच्या नारिंगी फुलपाखराने घातलेले अंडे, त्यातून निघालेली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, पानाखाली उलटा टांगलेला, सोनेरी ठिपक्यांचा कोश, आणि शेवटी ओले पंख पसरणारे फुलपाखरू, असा सारा क्रम त्यात होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक आम्हीच होतो. आम्ही पहिले बक्षीस देऊन मोकळे झालो. इतक्यात सहावीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, कोश आधी हिरवा होता, मग गुलाबी कसा झाला?” आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली.

रात्री मात्र तो प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना. या फुलपाखराचा कोश हिरवा असतो, तसाच गुलाबीही असतो; परंतु हिरव्याचा गुलाबी होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांस बोलावून विचारले, तेव्हा त्यांनी सर्व हकीकत सांगितली. रुईवरचा मूळ कोश काळा पडला होता, आणि एके सकाळी त्यातून माशीच्या पांढुरक्या अळ्या बारीक धाग्यांवरून खाली उतरल्या. एका जातीची माशी या अळीवर आपली अंडी घालते. तिची पिले अळीच्या शरीरात शिरून तिला आतून खातात. शेवट असा झालेला पाहून मुलांनी दुसरी अळी बरणीतून घरी आणली. तिने बरणीच्या झाकणास गुलाबी कोश केला. त्यातून फुलपाखरू निघाले, आणि ती चित्रे मूळ चित्रांस जोडण्यात आली. सांगून झाल्यावर त्यांतील एकाने हळूच विचारले, “सर, खरा शेवट दाखविला असता तर बक्षीस मिळाले असते का?”

या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. कारण ते मिळाले नसते, हे आम्हांस ठाऊक होते.

कोणी म्हणेल, यात एवढे बिघडले काय? फुलपाखरू कोशातूनच निघते, हे तर खोटे नाही! खरे, परंतु त्या झुडपावर त्या दिवसांत जे घडले ते असे नव्हते. रुईचा चीक विषारी असतो. ते विष अळी आपल्या अंगात साठविते, म्हणून पक्षी तिच्या व तिच्यापासून होणाऱ्या फुलपाखराच्या वाटेस सहसा जात नाहीत. इतकी भक्कम तटबंदी असूनही एक क्षुद्र माशी आत शिरते! हे आश्चर्य त्या मुलांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, आणि तेच कापून टाकले. मादी एक-एक करून पुष्कळ अंडी घालते, आणि त्यांतील थोडीच फुलपाखरे होतात. सर्वच जगली तर रुईस पान उरणार नाही. माशीस वगळून सांगितलेली फुलपाखराची कथा ही अर्धीच कथा होय.

चित्रपटाच्या अंगी काळ आकसून दाखविण्याचे सामर्थ्य आहे. दर मिनिटास एक याप्रमाणे चित्रे घेतली तर दिवसाची १४४० होतात. ती सेकंदास २४ या वेगाने दाखविली म्हणजे सारा दिवस एका मिनिटात सरतो. ही युक्ती महाराष्ट्रास नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, त्यापूर्वीच दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरून, महिन्याहून अधिक काळ त्यांची चित्रे घेऊन, अंकुराची वाढ मिनिटभरात दाखविली होती. पाहणाऱ्याचा वेळ वाचतो, घेणाऱ्याचा वाचत नाही. तो वाचवू गेले की बरणी आठवते.

घरी अळी पाळणे हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. घोडबंदर रस्त्यावरील ओवळे येथे श्री. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या जमिनीत फुलपाखरांची बागच उभी केली आहे. तेथे अळ्यांस लागणारी झाडे मुद्दाम राखली असून फुलपाखरे आपण होऊन येतात. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मन यास राज्य-फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. अळीचे झाड राखले तर फुलपाखरू राहते, हाच याचा अर्थ. घरी घेतलेले चित्र घरचे म्हणून सांगावे. रानातले म्हणून सांगू नये, एवढेच आमचे मागणे आहे. तसेच, चित्र स्पष्ट यावे म्हणून आजूबाजूची पाने तोडू नयेत. ज्या पानाआड अळी लपते, ते तोडणे म्हणजे तिला पक्ष्यांपुढे वाढून ठेवणे होय. तिपाई दूर ठेवावी, आणि स्थळ व तारीख वहीत टिपावी.

पालकांसही एक विनंती. मुलगा चार आठवडे एका झुडपापाशी हेलपाटे घालून रिकाम्या हाताने परतला, तर “मग मिळाले काय?” असे त्यास विचारू नये, “पाहिलेस काय?” असे विचारावे. प्रभूने शिष्यांस रानातील भूकमळांकडे पाहावयास सांगितले. ती तोडून घरी आणावयास सांगितले नाही.

त्या दोघांनी मूळ चित्रे आता पुन्हा जोडली आहेत. यंदाच्या प्रदर्शनात तोच चित्रपट दाखविला जाईल. त्याच्या अखेरीस फुलपाखरू नाही. काळा पडलेला कोश आणि धाग्यावरून उतरणाऱ्या अळ्या आहेत. पालकांनी मुलांसह अवश्य यावे. आणि आता सातवीत गेलेल्या त्या मुलीने पुन्हा उभे राहून काय विचारावयाचे ते विचारावे. या खेपेस आम्ही तिला खरे उत्तर देऊ.