घडीचा फोन घेताय? आधी आपला दिवस बघा

भारतात सुट्टीवर जायची तारीख ठरली की आखातातल्या मराठी घरात दोन याद्या होतात. एक खजूर, बदाम आणि अत्तरांची, दुसरी फोनची. हल्ली या दुसऱ्या यादीत ‘तो मिटणारा फोन’ हमखास असतो. कधी भाच्याला हवा असतो, कधी बायकोला, तर कधी ‘बाबांना जुन्या फोनसारखा वाटेल’ म्हणून मुलगाच ठरवून टाकतो. दुकानात तो टपकन मिटताना बघितला की मोह होतोच. पण फ्लिप फोन घ्यावा की नाही हा प्रश्न फोनकडे बघून सुटत नाही. आपला दिवस कसा जातो, हे बघून सुटतो. आणि आपण दोन देशांत अर्धे-अर्धे राहणारी माणसं असल्यामुळे आपले हिशेब इथल्या दुकानदारापेक्षा थोडे वेगळे आहेत.

आधी लोकांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती: उघडझाप करून पडदा तुटेल का? सॅमसंगने २०२० मध्ये पहिला गॅलेक्सी झेड फ्लिप आणला, तेव्हा दोन लाख घड्यांचा दावा केला होता. आता आपला आकडा बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे, तिथे आपण दिवसात किती वेळा फोन अनलॉक केला ते दिसतं. आयफोनमध्ये ते ‘स्क्रीन टाइम’मध्ये सापडतं. समजा शंभर वेळा. म्हणजे वर्षाला ३६,५०० आणि दोन लाख गाठायला जवळजवळ साडेपाच वर्षं. तेवढ्या काळात आपण तसाही फोन बदलतो. तेव्हा रोजच्या घडीची धास्ती नको. काळजी करायची ती धुळीची.

आणि धूळ हा आपला रोजचा विषय. फोनच्या माहितीत ‘आयपी’ पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. चांगल्या सरळ फोनवर ६८ लिहिलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. २०२४ च्या झेड फ्लिप ६ वर ४८ आहे. ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडतील. वाळवंटातली वाळू त्याहून कितीतरी बारीक असते! त्याआधीच्या मॉडेलवर तर धुळीच्या जागी नुसता ‘एक्स’ होता, म्हणजे धुळीबद्दल काही हमीच नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र हे फोन चांगले आहेत, मुंबईच्या पावसात भिजले तरी चालतील. माझ्या ओळखीत दोघांकडे एकाच प्रकारचा फ्लिप आहे. एक जण एसी ऑफिसात अकाउंट्स बघतो, त्याचा फोन दोन वर्षांनीही नव्यासारखा आहे. दुसरा साईट इंजिनिअर. वारा सुटला की त्याच्या फोनच्या बिजागरीतून करकर आवाज येतो. फोन तोच, दिवस वेगळे.

दुसरा हिशेब बॅटरीचा आणि कॅमेऱ्याचा. फोन घडीचा करायचा तर आत जागा कमी उरते. झेड फ्लिप ६ ची बॅटरी ४,००० एमएएच आहे, त्याच वर्षीच्या मोठ्या सरळ एस२४ अल्ट्राची ५,०००. दुपारी घरी येणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. पण सकाळी सहाला निघून नकाशा लावून गाडी चालवणाऱ्याला संध्याकाळी चार्जर शोधावा लागेल. कॅमेऱ्याचंही तसंच. अल्ट्रासारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स या फ्लिपमध्ये नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात मागच्या रांगेत बसून लेकीचा नाच टिपायचा असेल, तर पुढची खुर्ची धरा!

आता फायद्याचं. फ्लिप अर्धा उघडून टेबलावर ठेवला की त्याला वेगळा स्टँड लागत नाही. शुक्रवारी रात्री घरी व्हिडिओ कॉल लावायचा, फोन ओट्यावर उभा करायचा, आपण भाजी चिरतोय, तिकडे आई पोळ्या लाटतेय. कोणाचा हात अडकत नाही, गप्पा तासभर चालतात. परदेशात राहणाऱ्या माणसासाठी ही छोटी सोय नाही. दुसरं म्हणजे आकार. मोठा फोन बायकांच्या कपड्यांच्या नावापुरत्या खिशात मावत नाही, मिटलेला फ्लिप मावतो. तिसरं, मिटलेल्या फोनच्या बाहेरच्या पडद्यावर बघून मुख्य कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढता येतो आणि तो चांगला येतो.

‘फोन मिटला की बघणं कमी होतं’ असंही सांगितलं जातं. मला ते फारसं पटत नाही. २०२० च्या पहिल्या झेड फ्लिपचा बाहेरचा पडदा १.१ इंचांचा होता. २०२५ च्या झेड फ्लिप ७ चा ४.१ इंचांचा आहे. एवढा मोठा पडदा बाहेर दिल्यावर मिटून ठेवण्यात संयम तो काय राहिला? मेसेज वाचायला फोन उघडावा लागत नाही हे खरं, पण मराठीत चार ओळी नीट लिहायच्या तर उघडावाच लागतो.

यापुढचे दोन प्रश्न खास आपले. पहिला सिमचा. आपल्यापैकी बहुतेकांना दोन नंबर लागतात: एक इथला आणि एक भारतातला, बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलेला. सॅमसंगच्या फ्लिपमध्ये सहसा एकच सिमकार्ड बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा लागतो. जिओ, एअरटेल आणि व्ही तिघेही ई-सिम देतात, पण हे काम भारतात असतानाच उरकून घ्या. इथे बसून करायला गेलात तर नेमका हवा तो एसएमएस जुन्या सिमवर जातो आणि आपण हात चोळत बसतो.

दुसरा प्रश्न हमीचा. फोनची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतला त्याच देशापुरती असते. सरळ फोनची काच फुटली तर सांगलीतही कोणीतरी बदलून देतो. घडीचा पडदा कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळत नाही. त्यासाठी कंपनीचं सेंटर लागतं आणि खर्च एवढा येतो की माणूस नवीन फोनचा विचार करायला लागतो. झेड फ्लिप ६ भारतात आला तेव्हा त्याची किंमत १,०९,९९९ रुपयांपासून सुरू होत होती. म्हणून भारतात वापरायचा फोन भारतातच घ्यावा, पक्क्या बिलासह. इथून नेण्यात चार पैसे वाचले तरी बिघडल्यावर ते परत जातात.

हे सगळ्यात जास्त लागू होतं ते आईबाबांच्या फोनला. त्यांना जुना फ्लिप आवडायचा, कारण त्याला ठसठशीत बटणं होती आणि मिटला की फोन कट व्हायचा. नव्या फ्लिपला बटणं नाहीत. तो उघडायला बहुतेकांना दोन्ही हात लागतात, संधिवाताच्या बोटांना ते रोज जमेलच असं नाही. आतल्या मऊ पडद्यावर नख रुतलं तर ओरखडा उठतो आणि वर लावलेला पापुद्रा स्क्रीनगार्ड समजून सोलायचा नसतो, हे त्यांना लांबून कोण समजावणार? शिवाय एवढा महागडा फोन पोराने पाठवलाय म्हणून बरेच आईबाबा तो कपाटात जपून ठेवतात आणि जुनाच वापरतात. फोन बंद लागला की इकडे आपला जीव टांगणीला. त्यांना हवा असतो मोठ्या अक्षरांचा, मोठ्या आवाजाचा, पडला तरी चालणारा फोन.

म्हणून माझं मत असं. ऑफिसात काम, जवळ चार्जर, खिसा लहान आणि घरी रोज व्हिडिओ कॉल, असा दिवस असेल तर फ्लिप आनंदाने घ्या, भीती बाळगू नका. साईटवर, रस्त्यावर, धुळीत दिवस जात असेल किंवा एकाच फोनवर बँक, व्हिसाची कागदपत्रं आणि घर असं सगळंच चालत असेल, तर सरळ फोनच बरा. तो बंद पडला तर आपले दोन्ही देश एकदम तुटतात. आणि कोणासाठी न्यायचा असेल तर सरप्राइजच्या फंदात पडू नका. तिकीट काढायच्या आधी एक फोन करून विचारा, ‘तुम्हाला नक्की काय हवंय?’